शिंके, नार आणि केळीचा खुंट

कुंभकोणम् या गावाच्या नावातच एक घट आहे. प्रलयाच्या पाण्यावर ब्रह्मदेवाचा अमृतकुंभ, सृष्टीची बीजे पोटात घेऊन, तरंगत तरंगत दक्षिणेकडे आला. शंकराने किराताच्या वेषात बाण सोडून तो फोडला. आणि त्या कुंभाचे भाग व त्यासोबतच्या वस्तू जेथे जेथे पडल्या तेथे तेथे देवळे उभी राहिली, असे तेथील स्थलपुराण सांगते. गावाला लागूनच असलेल्या साक्कोट्टै येथील शिवाला अमृतकलशनाथ म्हणतात ते यामुळेच. या स्थानाचे जुने नाव कलयनल्लूर. सुंदरर या शैव संतकवीने याच नावाने त्याचे स्तवन केले आहे. कुंभावर नारळ होता, त्याचे एक स्थान झाले. कुंभाला गुंडाळलेले सूत होते, त्याचे दुसरे झाले. आणि कुंभ ज्या शिंक्यात ठेवलेला होता ते शिंके जेथे पडले तेथे सोमेश्वराचे देऊळ आहे. शिंके म्हणजे संस्कृतातील शिक्य. दह्यादुधाची मडकी मांजरापासून दूर ठेवण्यासाठी घरोघर आढ्याला टांगलेली दोरांची जाळी. सृष्टीची बीजे सांभाळणाऱ्या घटालाही आधार हवा होता आणि तो दोराचा होता, ही कल्पना पुराणकाराला फार विचार करून सुचली असेल असे नाही. त्याच्या भोवतीचे सारे जगच दोराने बांधलेले होते.

तो काळ गेला असला तरी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वनस्पतीच्या धाग्याशिवाय अजूनही दिवस उजाडत नाही. तमिळ भाषेत अशा धाग्याला ‘नार’ म्हणतात. देवळाबाहेर फुले विकणाऱ्या बायकांच्या पुढ्यात मोगरा, अबोली आणि मरवा यांच्या राशी असतात आणि शेजारी पाण्याने ओलसर केलेली नाराची जुडी असते. महाराष्ट्रात हार ओवण्यासाठी सुई लागते. तेथे सुई लागत नाही. दोन फुले या बाजूला, दोन त्या बाजूला ठेवून नाराचा फास आवळावयाचा आणि पुढे सरकावयाचे, अशी ती रीत आहे. कापसाचा दोरा बारीक व कठीण असल्याने नाजूक देठ कापतो. नार हा पट्टीसारखा चपटा असतो, ओला असतो, म्हणून देठाला धरतो पण चिरत नाही. शिवाय त्यात मुरलेल्या ओलाव्यामुळे फुले अधिक वेळ टवटवीत राहतात. फुलांच्या संगतीने नारालाही सुवास येतो, अशी तमिळमध्ये एक म्हणच आहे.

हा नार येतो केळीच्या सोपटातून. केळीचा घड उतरवला की बुंध्यावरची बाहेरची सोपटे सोलून वाळवतात आणि त्यांच्या अरुंद पट्ट्या फाडतात. याच प्रदेशातील नागवेलीच्या मळ्यांत हादग्याच्या झाडांवर वेल चढवितात, आणि प्रत्येक वीतभर अंतरावर वेलीला आधाराशी सैलसर बांधावयाचे काम केळीचा नारच करतो. कुंभकोणम् च्या विड्याच्या पानांना २०२५ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्या पानांचे कौतुक सर्वत्र झाले; त्यांना हादग्याशी धरून ठेवणाऱ्या नाराचा उल्लेख कोठे झाला नाही, आणि तसा तो होतही नसतो.

मराठी माणसाला हा प्रदेश परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावरच्या गादीवर भोसल्यांचे राज्य होते, आणि त्यांच्या मागोमाग आलेली मराठी घराणी तंजावर व कुंभकोणम् परिसरात आजही आहेत. अशाच एका घराण्यात १८२८ साली कुंभकोणम् येथे टी. माधवराव यांचा जन्म झाला. पुढे इंदूर व बडोदे या संस्थानांची दिवाणगिरी केल्यामुळे त्यांचे नाव मराठी वाचकांना ठाऊक आहे. पण त्यांची पहिली मोठी दिवाणगिरी त्रावणकोरची, १८५७ ते १८७२ अशी पंधरा वर्षांची. त्यांच्या याच कारकिर्दीत, १८५९ साली, अलेप्पी बंदरात जेम्स डॅरा या परदेशी व्यापाऱ्याने काथ्याचा पहिला कारखाना उभारला. तोवर काथ्याचा धंदा म्हणजे खाडीकाठच्या झोपडीतील बायकांच्या हातचे काम होते. आता काथ्याच्या चटया व पायपुसणी मागावर विणून जहाजाने युरोप-अमेरिकेस जाऊ लागली. वनस्पतीच्या धाग्याची झोपडीपासून कारखान्यापर्यंतची वाट कशी असते हे पाहावयाचे तर काथ्याचा इतिहास पाहावा. आणि ती वाट मध्येच कशी अडते हे पाहावयाचे तर केळीचा.

त्याआधी धागा म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. वनस्पतीला उभे राहावयाचे असते, वाऱ्यात वाकून पुन्हा सरळ व्हावयाचे असते, पाणी मुळांपासून शेंड्यापर्यंत न्यावयाचे असते. त्यासाठी तिच्या अंगात लांबट, जाड भिंतींच्या पेशींच्या जुड्या असतात. या पेशींची भिंत मुख्यतः सेल्युलोज या द्रव्याची असते. सेल्युलोजचे रेणू लांबच लांब साखळ्यांसारखे असून एकमेकांना समांतर बसतात, आणि त्यांच्यामुळेच ताण सहन करण्याची शक्ती येते. या साखळ्यांना लिग्निन हे काष्ठद्रव्य व पेक्टिनसारखी चिकट द्रव्ये एकत्र धरून ठेवतात. पोलादाच्या सळया आणि भोवतीचे काँक्रीट यांचे जे नाते, तेच सेल्युलोज आणि लिग्निन यांचे समजावे. कापसात नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते, म्हणून तो मऊ व शुभ्र असतो. केळीच्या धाग्यात ते साधारण साठ ते पासष्ट टक्के भरते. काथ्यात लिग्निनचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणून तो खरखरीत आणि तांबूस असतो, पण त्याचमुळे समुद्राच्या पाण्यातही लवकर कुजत नाही.

ताग आणि अंबाडी यांचा धागा खोडाच्या सालीत असतो; घायपात, अननस आणि केळी यांचा पानात; काथ्याचा फळाच्या वेष्टनात. केळीचा धागा पानात, असे म्हटल्यावर कोणी चकित होईल. पण केळीचा जो बुंधा आपल्याला दिसतो तो मुळी बुंधाच नव्हे. एकात एक गच्च बसलेल्या पानांच्या देठांच्या त्या घड्या आहेत. खरे खोड जमिनीखाली कंदाच्या रूपाने असते. वरच्या घड्यांनाच मराठीत सोपटे म्हणतात. बाहेरच्या सोपटातील धागा भरड व बळकट, आतल्या सोपटातील मऊ व तलम, आणि अगदी आतला पांढरा गाभा तर भाजी करून खाण्याजोगा. तो चिरताना प्रत्येक चकतीबरोबर कोळ्याच्या जाळ्यासारखा तंतू ओढला जातो आणि दक्षिणेतील गृहिणी तो बोटाला गुंडाळून काढून टाकतात. हा तंतू मात्र कापडाच्या उपयोगाचा धागा नव्हे; पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांच्या भिंतींतील मळसूत्री वेटोळी उलगडतात, ती ही.

ताग या शब्दाविषयी एक खुलासा करावयास हवा. बंगालमधून येणारे गोणपाट ज्या झाडाचे त्यालाही मराठीत ताग म्हणतात आणि महाराष्ट्रात शेतात हिरवळीच्या खतासाठी पेरतात त्या पिवळ्या फुलांच्या रोपट्यालाही तागच म्हणतात. दोन्ही कुळे वेगळी. दोन्हींचा धागा निघतो हे मात्र खरे, आणि दोन्हीकडे तो काढण्याची रीतही एकच: खोडे पाण्यात बुडवून ठेवावयाची. पाण्यातील सूक्ष्म जीव पेक्टिन खाऊन टाकतात, साल सुटते, आणि ती धुऊन वाख हाती येतो. यात अंदाज महत्त्वाचा. ताग कमी कुजला तर साल सुटत नाही. अधिक कुजला तर पेशींना एकमेकींशी जोडणारे द्रव्यही जाते आणि धागा तुटका होतो. तागाची एकेक पेशी अवघी दोन-तीन मिलिमीटर लांब असते, आणि पुरुषभर उंचीचा तो सोनेरी वाख म्हणजे वस्तुतः अशा असंख्य आखूड पेशींची चिकटून राहिलेली मालिका असते. केव्हा थांबावयाचे हे शेतकरी बोटांनी खोड चाचपून ठरवितो.

मराठी भाषेत या धाग्यांची शब्दसंपत्ती पुष्कळ आहे, आणि ती कोणा पंडिताने नव्हे तर कामकऱ्यांनी साठविली आहे. वाख, सुंभ, काथ्या, सुतळी, चऱ्हाट, कासरा, दावे, वेसण, नाडा, सोल. विहिरीच्या मोटेला नाडा लागे, बैलाला कासरा व वेसण, गाडीला सोल, खाटेला सुंभ. हे सारे वळण्याचे काम गावगाड्यात बहुतेक ठिकाणी मातंग समाजाकडे होते. घायपाताची पाने सडवून, ठेचून, धुऊन वाख काढावयाचा आणि त्याला पीळ द्यावयाचा. पिळाचे शास्त्र विलक्षण आहे. सुटे तंतू एका दिशेने पिळले की ते एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षणाने एकमेकांना धरतात. मग अशा दोन-तीन पदरांना उलट्या दिशेने पीळ दिला की पहिला पीळ उलगडू पाहतो आणि दुसरा त्याला उलगडू देत नाही. दोराला ओढ बसेल तितकी ही मिठी घट्ट होते. हातभर लांबीच्या तंतूंचा शंभर हात दोर होतो तो अशा रीतीने. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण हट्टी माणसासाठी वापरली जाते. पण जळालेल्या सुंभाच्या राखेत वळांचे आकार तसेच राहतात, हे चुलीपाशी पाहिल्याशिवाय ती कोणाला सुचली नसती.

नायलॉनचा दोर बाजारात आला आणि हा सारा व्यवहार एका पिढीत मोडला. नायलॉन हलका, न कुजणारा, स्वस्त. त्याला सडवावे लागत नाही आणि त्याला पोळ्याची वाट पाहावी लागत नाही. शेतकऱ्याने तो घेतला यात त्याची चूक म्हणता येणार नाही. पण ज्यांच्या हातांत दोराची विद्या होती त्यांना त्या बदलाची भरपाई कोणी दिली नाही. गावातील मान कमी आणि मेहनत जास्त अशा त्या धंद्यातून बाहेर पडणे हे काहींना सुटकेसारखे वाटले असेल, हेही तितकेच खरे. नैसर्गिक धाग्याच्या पुनरुज्जीवनाविषयी आज जे बोलले जाते त्यात ही दुसरी बाजू क्वचितच येते. घायपात ठेचताना हातांना येणारी खाज, काथ्याच्या खाचरात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून सोडणे उपसणाऱ्या बायकांचे पाय, हे त्या ‘नैसर्गिक’ या शब्दाच्या आत असते.

काथ्याने मात्र नायलॉनच्या पुढे हार मानली नाही. त्याने आपले काम बदलले. नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात सहा ते दहा महिने कुजवून पांढरा काथ्या काढण्याची जुनी रीत पाणी बिघडविते. त्यातून कुजक्या अंड्यांचा वास येणारा वायू सुटतो, मासळी मरते. यंत्राने वाळलेले सोडण फोडून तपकिरी काथ्या काढण्याची रीत तमिळनाडूत वाढली ती तिला खाडी लागत नाही म्हणून. तंजावर जिल्ह्याच्या दक्षिणेस पट्टुक्कोट्टै व पेरावूरणी या भागांत नारळाच्या मोठ्या बागा आहेत. २०१८ सालच्या नोव्हेंबरात ‘गज’ चक्रीवादळाने त्यांतील असंख्य झाडे मुळासकट आडवी केली, आणि नारळाचे झाड पुन्हा फळावर यावयास किती वर्षे लागतात हे त्या शेतकऱ्यांना सांगावे लागत नाही.

तपकिरी काथ्याला आज जे नवे काम मिळाले आहे ते रस्त्यांखाली. काथ्याची जाळी विणून ती उतारावर अंथरली की पावसाचे पाणी माती वाहून नेत नाही. जाळीच्या भोकांतून गवत उगवते, मुळे माती धरतात, आणि दोनचार वर्षांनी काथ्या कुजून मातीत मिसळतो तेव्हा त्याची गरजच उरलेली नसते. कुजणे हा येथे दोष राहत नाही. मऊ जमिनीवर खडी घालण्यापूर्वी हीच जाळी अंथरली तर खडी चिखलात रुतत नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात २०२० साली सात राज्यांत मिळून १,६७४ किलोमीटर रस्त्यांसाठी काथ्याच्या या भूवस्त्राला मान्यता मिळाली. त्यांपैकी ३६९ किलोमीटर तमिळनाडूच्या आणि ३२८ किलोमीटर महाराष्ट्राच्या वाट्याचे होते. काथ्या काढताना उरणारा भुसा तर एके काळी कारखान्यांभोवती डोंगरासारखा साचून राही. तो आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतो हे ध्यानात आल्यावर, धुऊन व दाबून केलेल्या त्याच्या विटा देशोदेशींच्या रोपवाटिकांत जाऊ लागल्या, आणि आता काथ्याच्या भारतीय निर्यातीत हा भुसाच आघाडीवर आहे. तारेचा खिळा न वापरता काथ्याच्या दोराने फळ्या शिवून जहाज बांधण्याची अरबी समुद्रावरची जुनी विद्याही अगदी नष्ट झालेली नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील जहाजावरून प्रेरणा घेऊन गोव्यात असे एक जहाज बांधण्यात आले. ‘कौंडिण्य’ या नावाने ते २०२५ च्या मे महिन्यात कारवार येथे नौदलात दाखल झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतकडे निघाले.

आता केळीकडे यावयाचे. भारतात वर्षाला तीन कोटी टनांहून अधिक केळी पिकतात. जगात कोणत्याही देशात इतकी पिकत नाहीत. कावेरीचे खोरे आणि महाराष्ट्रातील जळगाव जिल्हा ही त्यांची दोन मोठी आगरे. केळीचा बुंधा एकदाच फळतो. घड उतरला की तो कापावाच लागतो; पुढचे पीक बाजूला फुटलेल्या पिलापासून येते. त्यामुळे जितके घड बाजारात जातात तितकेच खुंट बांधावर पडतात. त्यांचे काय करावयाचे हा शेतकऱ्याचा दरवर्षीचा प्रश्न असतो. ते जळत नाहीत, कारण त्यांत नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असते. तसेच पडू दिले तर खोडातील सोंडकिड्याला घर मिळते आणि तो उभ्या बागेत शिरतो. मजूर लावून ते उचलून टाकावे तर त्याचा खर्च अंगावर येतो. आणि या सगळ्या ओझ्यात उत्तम धागा आहे, ही गोष्ट शेतकऱ्याला कोणी सांगण्याची गरज नसते. ती त्याला आजोबांपासून ठाऊक असते.

मग हा धागा निघत का नाही? याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. शंभर किलो ओल्या खुंटातून धागा मिळतो सुमारे एक ते दीड किलो. म्हणजे एका टनातून दहा-पंधरा किलो. उरलेले जवळजवळ सारे पाणी. खुंट गाडीत भरून कारखान्यात न्यावयाचा म्हणजे पाण्याची वाहतूक करावयाची. दहा मैलांवरच भाडे धाग्याच्या किमतीला भारी पडू लागते. शिवाय खुंट कापल्यावर लवकर काम उरकावे लागते. सोपटे काळी पडू लागली की धाग्याचा रंग जातो. केळीच्या चिकाचा डाग धोतरावरून जात नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. धाग्यावरूनही तो जात नाही. म्हणून यंत्रच शेतात गेले पाहिजे. असे यंत्र आहे. फिरणाऱ्या रुळावर बोथट पाती बसविलेली असतात. सोपटाची पट्टी त्यात घालून मागे ओढली की मऊ गर खरवडून निघतो आणि हातात धाग्याची ओली जुडी उरते. हाताने फळीवर बोथट सुरीने खरवडण्यापेक्षा काम कितीतरी पट होते. पण पट्टी सरकवणारा हात माणसाचाच असतो, आणि दिवसभर गराचे शिंतोडे अंगावर घेत ते काम करणाऱ्याच्या मजुरीवर शेवटी सारा हिशेब येऊन ठेपतो.

तिरुच्चिराप्पळ्ळी येथे १९९३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्राने आणि गुजरातेत नवसारीच्या कृषी विद्यापीठाने या प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. केवळ दीड टक्क्यासाठी खुंट चिरावयाचा नाही, तर उरलेल्या साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांनाही किंमत आली पाहिजे. नवसारीला खुंटाच्या रसापासून द्रवखत तयार करण्यात आले, गराचे गांडूळखत झाले, गाभ्याचे गोड पदार्थ झाले, आणि धागा कापड व कागद यांच्याकडे वळला. यात शेतीच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट आहे. केळी जमिनीतून पुष्कळ पालाश घेते आणि त्यातील मोठा भाग खुंटात साठवते. खुंट शेताबाहेर नेला की तो पालाशही बाहेर जातो, आणि पुढच्या वर्षी तो पोत्यातून विकत आणावा लागतो. रस व गर शेतातच परत गेले आणि धागा तेवढा बाहेर पडला, तरच हा व्यवहार जमिनीला परवडतो.

धाग्याला गिऱ्हाईक कोण, हा दुसरा प्रश्न. जपानच्या ओकिनावा बेटावर किजोका गावी केळीच्याच एका जातीपासून ‘बाशोफू’ नावाचे हवेशीर वस्त्र विणतात. एका किमोनोच्या कापडास सुमारे दोनशे झाडे लागतात आणि प्रत्येक धागा हाताने गाठून लांब करावा लागतो. तेथील विणकर तोशिको ताइरा यांना जपान सरकारने २००० साली राष्ट्रीय ठेवा मानून गौरविले. हे वैभव मोठे आहे, पण त्याने बांधावरचे खुंट संपणार नाहीत. अहमदाबादेत ‘साथी’ या उद्योगाने केळीच्या धाग्यापासून स्त्रियांसाठी आरोग्यपट्ट्या तयार केल्या. धाग्याची पाणी शोषण्याची शक्ती, जी दोर व कापड यांत अडचणीची ठरते, ती येथे गुण ठरली. आणि वापरून झाल्यावर ती वस्तू मातीत मिसळते.

मोठे गिऱ्हाईक म्हणजे मोटारींचे कारखाने. फिलिपिन्समध्ये केळीची एक भावकीतली जात आहे, अबाका. तिचे फळ कोणी खात नाही. तिच्या धाग्याचे ‘मनिला’ दोर शिडाच्या जहाजांच्या काळात सर्व समुद्रांवर चालत. २००४ च्या सुमारास मर्सिडीज कंपनीने आपल्या एका लहान मोटारीत जादा चाकाच्या खोलगट जागेचे खालचे आवरण अबाकाच्या धाग्याचे केले. पाणी, खडे व चिखल यांचा मारा सोसणाऱ्या बाहेरच्या भागात वनस्पतीचा धागा वापरणे हे धैर्याचे काम होते. दारांच्या आतील अस्तरांत मात्र जवस, ताग आणि अंबाडी यांना त्याआधीच जागा मिळाली होती. ज्या अंबाडीची आंबट भाजी भाकरीबरोबर खातात तिची खोडे जपानी मोटारींच्या दारांत दडलेली आहेत, हे विदर्भातील गृहिणीला खरे वाटणार नाही.

मोटारवाल्यांनी हे देशप्रेमाने किंवा निसर्गप्रेमाने केले असे समजण्याचे कारण नाही. काचेच्या तंतूची घनता पाण्याच्या अडीचपट असते, वनस्पतीच्या धाग्याची दीडपटीच्या आतबाहेर. तितक्याच ताठपणाचा पत्रा हलका होतो, आणि हलकी मोटार इंधन कमी खाते. काचेच्या तंतूने कारागिराच्या हाताला व फुप्फुसाला होणारा त्रासही येथे नसतो. पण अडचणी कमी नाहीत. वनस्पतीच्या धाग्याला पाणी आवडते आणि ज्या राळेत तो बसवावयाचा तिला पाणी आवडत नाही. त्यामुळे दोघांचे नीट जुळत नाही. कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात धागा धुतला की त्याच्या अंगावरचा मेणचट थर जाऊन पृष्ठभाग खरखरीत होतो आणि राळ त्याला धरते. दोनशे अंशांच्या वर तापविले तर धागा करपतो, म्हणून प्लास्टिकही त्याला सोसेल तेच निवडावे लागते. आणि दोन शेतांतील, किंबहुना एकाच खुंटाच्या आतल्या व बाहेरच्या सोपटांतील धागा सारखा नसतो, ही गोष्ट कारखान्याच्या व्यवस्थापकाची झोप उडवणारी असते.

भारतात हे काम नवे नाही. तिरुवनंतपुरम् च्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत १९८० च्या दशकातच काथ्या व केळीचा धागा राळेत बसवून आरशाच्या चौकटी, टपालपेटी, हेल्मेट अशा वस्तू करून पाहण्यात आल्या होत्या. वस्तू झाल्या; उद्योग उभा राहिला नाही. तेव्हा प्लास्टिक स्वस्त होते आणि त्याच्या कचऱ्याचा खर्च कोणाच्याही वहीत लिहिला जात नव्हता. पुढे महाराष्ट्राने २०१८ साली, तमिळनाडूने २०१९ च्या जानेवारीत आणि केंद्र सरकारने २०२२ च्या जुलैत एकदाच वापरावयाच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली, तेव्हा त्या वहीत पहिली ओळ लिहिली गेली असे म्हणता येईल. तागाला असे संरक्षण आधीपासून आहे. १९८७ च्या कायद्यान्वये सरकारी धान्य तागाच्या पोत्यात भरणे बंधनकारक झाले, आणि बंगालच्या गिरण्या आज चालतात त्या पुष्कळ अंशी त्या कायद्याच्या बळावर. केळीला असा कायदा नाही आणि गिरणीही नाही.

वनस्पतीचा धागा म्हटला की तो निर्दोषच, ही समजूत मात्र सोडून द्यावी लागते. केळीचा धागा न कुजणाऱ्या राळेत घातला तर तयार झालेली वस्तूही कुजत नाही. ती वितळवून पुन्हा वापरताही येत नाही. धागा मऊ करण्यासाठी वापरलेला सोडा ओढ्यात सोडला तर खाडीत सोडणे कुजविण्यापेक्षा ते बरे म्हणता येणार नाही. केळीच्या बाजूने इतकेच की तिच्या धाग्यासाठी एक गुंठाही नवी जमीन लागत नाही आणि एक थेंबही वेगळे पाणी लागत नाही. ते पाणी फळासाठी आधीच दिलेले असते. कापसाला किंवा लागवडीच्या घायपातालासुद्धा असे म्हणता येत नाही.

साक्कोट्टैच्या आसपास हा सगळा हिशेब एका छोट्या गोष्टीत दिसून येतो. हार बांधावयास आता नायलॉनचा बारीक दोराही मिळतो. तो भिजवावा लागत नाही, तुटत नाही आणि स्वस्त असतो. पुष्कळ ठिकाणी त्याने नाराची जागा घेतली आहे. दुसऱ्या दिवशी देवावरून उतरलेले निर्माल्य खताच्या खड्ड्यात जाते. नाराने बांधलेला हार तसाच टाकता येतो. फुलांबरोबर नारही मुरतो. दोऱ्याने बांधलेला हार मात्र आधी कोणीतरी बसून कापावा लागतो, फुले एकीकडे आणि दोरा एकीकडे करावा लागतो, आणि खत चाळताना निसटलेले तुकडे पुन्हा वेचावे लागतात. फूलवालीचे नार भिजवण्याचे जे श्रम वाचले, ते खड्ड्यापाशी बसलेल्या बाईकडे गेलेले असतात. त्याची मजुरी हाराच्या किमतीत धरलेली नसते.